मग जेवायचं कशाला?

रविवारी अकराच्या पेजेची वेळ. उकड्या तांदळाची पेज, मिठातलं तोर म्हणजे कोवळी कैरी, आणि बाबांच्या हट्टापायी बशीच्या कडेला सुक्या बांगड्याचा भाजलेला एवढासा तुकडा. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे, पण ते तोराला कोण सांगणार. मी समोर बसून नववीचे पेपर तपासत होते. दोन घास झाले की बाबा थांबतात, दम घेतात, मग पुढचा घास. तशी मला त्या थांबण्याची सवय झाली आहे. पण त्या दिवशी थांबणं जरा लांबलं म्हणून मी मान वर केली, तर चमचा वाटीत उभा आणि बाबा नाकातल्या नळीला बोट लावून बसलेले. म्हणाले, "बाय, ह्या वायूनं आत जाऊन नक्की होतं काय?" नळी लागून दोन वर्षं झाली, आणि हा प्रश्न आज. मी पुन्हा पेपरात डोकं घातलं आणि सांगून टाकलं, "शक्ती मिळते, बाबा. प्राणवायूनं शरीराला शक्ती मिळते." ते गप्प झाले. मग अगदी साध्या आवाजात, माझी फिरकी घेत नव्हते, खरंच विचारत होते, म्हणाले, "मग जेवायचं कशाला?"

"जेवा बघू मुकाट्यानं," मी म्हटलं.

त्यांनी आणखी चार चमचे खाल्ले आणि वाटी बाजूला सारली. पेज गार झाली. माझ्या डोक्यातला प्रश्न काही गार होईना. बावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते आहे. श्वसनाचा धडा झोपेतही शिकवीन, फळ्यावर बाण काढत काढत. आणि एका माणसानं पेजेच्या वाटीवरून विचारलेल्या तीन शब्दांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणून मी चिडले, हे कबूल करायला मला मंगळवार उजाडला.

बाबा गोव्याच्या नदी परिवहन खात्यात फेरीबोटीवर होते. एकतीस वर्षं. बहुतेक नोकरी रायबंदर-चोडण ह्याच पाण्यावर, आधी खलाशी आणि मग इंजिनावर. इंजिनरूममधला डिझेलचा धूर आणि वरून पस्तीस वर्षांच्या विड्या, ह्या दोघांनी मिळून फुप्फुसांचं काय केलं ते आता छातीच्या फोटोत दिसतं. त्यांना एक सवय राहिली आहे, नोंदवहीची. फेरीवर लॉगबुक भरायचे, तशी आता चौकोनी वही उशाशी असते, पेन्सिलीला दोरा बांधलेला. सकाळची ऑक्सिजन पातळी, संध्याकाळची पातळी, किती पेले पाणी. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर पाण्याची मर्यादा घातली आहे, पायांना सूज येते म्हणून. त्या दीड लिटरचा हिशेब ते बँकेच्या कॅशियरसारखा ठेवतात. चहा अर्धा पेला, पेजेचं पाणी पाऊण पेला, गोळ्यांबरोबरचे दोन घोट मिळून पाव. माझी बेरीज चुकली तर दाखवतात.

खोलीत कॉन्सन्ट्रेटर आहे. फ्रिजपेक्षा जरा मोठा आवाज, त्यात दर काही सेकंदांनी एक फुस्स. आधी वाटायचं हा फुस्स म्हणजे प्राणवायू सुटतो. तसं नाही. यंत्र खोलीतलीच हवा ओढतं, आत झिओलाइटचे बारीक खडे असतात, ते दाबाखाली हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, आणि उरतो तो नव्वद टक्क्यांच्या वरचा प्राणवायू नळीत जातो. मग खडे धरलेला नायट्रोजन सोडतात, तो फुस्स. म्हणजे रात्रभर आपण ऐकतो ते टाकून दिलेल्या वायूचं सुस्कारणं. बाबांना मिनिटाला दोन लिटरचा प्रवाह आहे. एकदा त्यांची पातळी ८६ वर गेली तेव्हा मी घाबरून पाचवर करायला निघाले होते. डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं. अशा जुन्या रोग्यांना ८८ ते ९२ पुरे, जास्त प्राणवायू दिला तर उलट रक्तात कर्बवायू साठतो आणि माणूस गुंगीत जातो. शक्ती देणारी गोष्ट जास्त दिली की माणूस गुंगीत जातो! तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात काहीतरी लुकलुकायला हवं होतं.

यंत्र बसवायला आलेला पोरगा आणखी एक वाक्य बोलून गेला होता. त्या खोलीत देव्हारा होता. आईची समई तिन्हीसांजेला तिथेच लागायची. तो म्हणाला, दिवा नको, उदबत्ती नको, विडी तर नकोच नको. आईनं विचारलं, "पेट घेतो काय हो हा वायू?" "नाही हो मावशी. स्वतः नाही जळत. दुसऱ्याला जाळतो." आईला ते अजिबात पटलं नाही. समई वसरीवर गेली, देव तिच्या मागोमाग गेले, आणि आई अजून म्हणते की ह्या यंत्रानं देवाला घराबाहेर काढलं. पण त्या पोराचं वाक्य चोख होतं. आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा चोख.

माझी एक अडचण अशी की मी हे सगळं शिकवते इंग्रजीतून. घरात आम्ही कोकणी आणि मराठीची खिचडी बोलतो, वाचतो मराठी, आणि शाळेत गेलं की मायटोकॉन्ड्रिया इज द पॉवरहाऊस ऑफ द सेल. मुलं कोरसमध्ये म्हणतात, पेपरात लिहितात, मी बरोबरची खूण करते. त्या वाक्यात समजण्यासारखं काही आहे का, असं बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही, मीही नाही. बाबांना सांगायची वेळ आली तेव्हा हाताशी आला तो मराठी शब्द, प्राणवायू. किती सुंदर शब्द आहे. आणि किती फसवा. नावातच प्राण घातल्यावर तो काहीतरी देणारच, असं आपण धरून चालतो. फ्रेंच नाव तरी कुठे सरळ आहे म्हणा. लव्हाझिए ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ऑक्सिजन हे नाव दिलं त्याचा अर्थ आम्ल घडवणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशी त्याची समजूत होती, आणि ती चुकली. पण दुसरी एक गोष्ट त्यानं पक्की धरली होती. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यानं आणि लाप्लासनं एका गिनी पिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात बसवलं आणि त्याच्या उबेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं. मग कोळसा जाळून तेवढाच कर्बवायू निघेपर्यंत किती बर्फ वितळतो तेही मोजलं. आकडे जवळपास आले. श्वास म्हणजे सावकाश जळणं, हे तेव्हापासून माहीत आहे. हे जळणं फुप्फुसात होतं असं मात्र त्याला वाटायचं. ते शरीराच्या प्रत्येक पेशीत होतं हे कळायच्या फार आधी, १७९४ मध्ये, क्रांतीनं त्याचं डोकं उडवलं.

मंगळवारी सकाळी फेरी बंद पडली.

चोडण बेटावर राहणाऱ्यांना हे नवीन नाही. एक फेरी दुरुस्तीला, दुसरी ऐन गर्दीत मध्येच आचके देऊन थांबलेली. धक्क्यापासून रांग मागे मागे वाढत गेली. सर्वांत पुढे मासळीचा टेम्पो, मागे ऑफिसला निघालेल्या गाड्या, शाळेच्या पोरांनी भरलेली व्हॅन, स्कूटरींचा थवा. डाव्या हाताला अभयारण्याचं कांदळवन, ओहोटी लागलेली. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. वाजवून करणार काय? पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून रांगेच्या कडेकडेनं जात होता, त्याचा पों-पों तेवढा चालू. मी स्कूटरचं इंजिन बंद केलं आणि रांगेकडे बघत राहिले. आणि मला एकदम हसू आलं. हे सगळे पेट्रोल भरलेले लोक. प्रत्येकाच्या टाकीत ताकद आहे, प्रत्येकाला जायची घाई आहे, रस्ता मोकळा आहे. आणि एकही चाक हलत नाही. का, तर टोकाला घेऊन जाणारा आलेला नाही.

घ्या, हेच ते.

पेजेतल्या भातात जी ऊर्जा आहे ती भाताचीच. सूर्यानं तांदळात भरून ठेवलेली. पोटात भाताची साखर होते, पेशी त्या साखरेचे तुकडे करते आणि त्यातले इलेक्ट्रॉन काढून घेते. हे इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात एकामागून एक बसवलेल्या प्रथिनांतून हातोहात पुढे जातात. पावसाचं पाणी पायऱ्यांवरून उतरावं तसे प्रत्येक टप्प्याला थोडे खाली येतात, आणि उतरताना काम करत येतात. प्राणवायू ह्यात कुठेच नाही. तो उभा आहे शेवटच्या पायरीच्या खाली. आलेले इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि निघायचं, एवढंच त्याचं काम. तो तिथे नसला तर शेवटचा इलेक्ट्रॉन शेवटच्या पायरीवर अडकतो, त्याच्या मागचा त्याच्या मागे, आणि रांग थेट साखरेपर्यंत तुंबते. अन्न भरपूर, यंत्रणा धडधाकट, आणि सगळं ठप्प. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण बसल्या जागी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा त्याचा. म्हणून पहिला तो कासावीस होतो, चार-सहा मिनिटांत कायमचं नुकसान सुरू. मागच्या जूनमध्ये रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टरनं दगा दिला. यंत्राचा अलार्म ऐकून मी धावले, सिलिंडरची चावी सापडेना, बाबांची नखं जांभळी. मी ओरडत होते. बाबा म्हणाले, तुटक तुटक, "इंजिन बंद पडलं... तर नांगर टाकायचा... ओरडायचं नाही." चावी आईनं काढली, कॅलेंडरच्या खिळ्यावरून.

त्या शेवटच्या पायरीवरच्या प्रथिनाला सायटोक्रोम ऑक्सिडेज म्हणतात. त्याच्या पोटात लोखंड आणि तांबं असतं. तिथे प्राणवायूच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात, चारच्या चार, आणि चौघे बसेपर्यंत ते प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवतं. अर्धवट भरलेला सुटला तर तो सैरावैरा होऊन दिसेल त्याला डसतो. सायनाइड ह्याच जागेवर येऊन बसतं. रक्त प्राणवायूनं भरलेलं असतं, पण फेरीला लागायला धक्काच रिकामा नसतो.

लोखंडाचं आणि ह्या वायूचं नातं आम्हा गोवेकरांना वेगळं सांगायला नको. बाबांच्या नोकरीची निम्मी आठवण बार्जींची आहे. मांडवीतून खनिजानं भरलेल्या, पाण्याला टेकलेल्या बार्जी मुरगावकडे निघायच्या, आणि फेरीला त्यांच्यासाठी थांबावं लागायचं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा नदी एकदम मोकळी वाटायला लागली, बाबांना ते मोकळेपण आवडलं की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही. खनिजाचा तो लाल रंग म्हणजे लोखंडानं पकडलेला प्राणवायूच. खनिजातलं लोखंड एकदा धरलं की सोडत नाही. रक्तातलं लोखंड फुप्फुसात धरतं आणि बोटाच्या टोकाला नेऊन सोडतं, सगळी करामत त्या सोडण्यात आहे. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याच लोखंडाला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. आता सांगून उपयोग काय, आणि सांगितलं असतं तर विडी सुटली असती असंही नाही.

पण इलेक्ट्रॉन उतरताना काम करतात म्हणजे काय करतात? इथे मला आजीचं खाजन आठवलं. आमची थोडी खाजन शेती होती, आता तिथे मासळीची तळी झाली आहेत. बाहेर खारं पाणी, आत शेत, मध्ये मातीचा बांध, आणि बांधात मानस. लाकडी दारं असलेली ही मानस कुणी उघडत-लावत नाही. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात आणि आतलं पाणी बाहेर धावतं. त्या धावत्या पाण्यापुढे जाळं लावायचं. लहानपणी मी काकाबरोबर रात्री मानशीवर गेले आहे. हातात कंदील, पायाखाली शेवाळलेला चिरा, आणि अंधारात पाण्याचा असा जोर की बांध थरथरतो की आपण, ते कळत नाही. जाळं वर आलं की त्यात झिंगे कंदिलाच्या उजेडात ठिणग्यांसारखे उडायचे.

मायटोकॉन्ड्रियाचा आतला पडदा हा बांध आहे. इलेक्ट्रॉन खाली उतरताना जी ताकद सुटते तिच्या जोरावर प्रोटॉन बांधाच्या एका बाजूला उपसले जातात. तिथे भरती येते, पलीकडे ओहोटी. आता त्यांना परत यायचं आहे आणि वाट एकच, मानशीची. ह्या मानशीच्या दारात मात्र चाक बसवलेलं आहे. प्रोटॉन धावतात, चाक फिरतं, सेकंदाला शंभराहून जास्त फेरे, आणि दर फेऱ्याला एटीपीचे, म्हणजे पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, तीन रेणू तयार. हे असं असेल ही कल्पना पीटर मिचेल नावाच्या इंग्रज माणसानं १९६१ मध्ये मांडली. पेशीतली ऊर्जा कुठल्याशा खास रसायनात साठत असणार म्हणून सगळे ते रसायन शोधत होते, आणि हा म्हणाला, रसायन नाही, फक्त बांधाच्या दोन बाजूंतला फरक. लोकांनी बरीच वर्षं त्याला उभं केलं नाही. त्यानं कॉर्नवॉलमध्ये एक जुना वाडा दुरुस्त केला आणि तिथेच प्रयोग करत बसला. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. चाकाचं गूढ उकलणाऱ्या बॉयर आणि वॉकरना १९९७ मध्ये. खाजनातला कुणी म्हातारा मिचेलला भेटला असता तर त्यानं मान डोलवली असती, असं मला उगाच वाटतं.

आणि हे एटीपी १९२९ मध्ये शोधून काढणाऱ्यांत आपला एक माणूस होता, भीमावरमचा यल्लाप्रगडा सुब्बाराव, हार्वर्डमध्ये फिस्कबरोबर. त्याच वर्षी जर्मनीत लोमाननंही ते शोधलं. माझ्या वर्गात मी त्याचं नाव आजवर घेतलेलं नाही, पुस्तकात नाही म्हणून. आपल्या अंगात एकावेळी हे एटीपी जेमतेम शंभर ग्रॅम, पण दिवसभरात वापरून, मोडून, पुन्हा बनवून त्याची उलाढाल होते जवळपास स्वतःच्या वजनाएवढी. बाबांचं वजन आता बावन्न किलो. खाटेवर नुसते पडून असतात असं आपण म्हणतो.

फेरी काही येईना. ओहोटी वाढली तसा कांदळवनातून तो वास यायला लागला, सडक्या अंड्याचा. पर्यटक नाकाला रुमाल लावतात. त्या काळ्या चिखलात बोटभर खाली प्राणवायू नसतो, म्हणून तर तिवराची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर डोकं काढून हवा घेतात. पण खाली जीव नाहीत असं नाही. तिथले जिवाणू आपले इलेक्ट्रॉन समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटला देऊन मोकळे होतात, आणि तो वास म्हणजे त्यांचा उच्छ्वास. म्हणजे शेवटच्या पायरीखाली उभं राहायला कुणीतरी हवं, तो प्राणवायूच हवा असं नाही. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत तर प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो, तिथले जिवाणू नायट्रेटवर भागवतात. पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्याजवळही तळाच्या पाण्याची तीच गत होते, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले लोक वर्षानुवर्षं ते मोजत आले आहेत. पण ह्या बदली फेऱ्या लहान. त्यांच्यापर्यंत उतरायला पायऱ्या कमी, म्हणून काम कमी. प्राणवायूइतका हावरा, इतक्या खोल उभा राहून ओढून घेणारा, दुसरा सहजी मिळत नाही.

आणि कुणीच नसेल तर? सत्तरी तालुक्यात मामाकडे काजूची भाटी होती. बोंडांचा रस मडक्यांत तीन दिवस फसफसायचा, खोलीभर गोड-आंबट दर्प. भाटीवरचा म्हातारा फेणी उतरली की एक बुचभर चुलीत फेकायचा आणि भपकन निळी ज्वाळा उठायची. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. मडक्यात यीस्टला प्राणवायू मिळत नाही. साखरेच्या एका रेणूमागे त्याच्या हाती लागतात दोन एटीपी. प्राणवायू असता तर तीसेक मिळाले असते. (मी शिकले तेव्हा ३८ होते, आता ३० ते ३२ धरतात. माझा पगार वाढत गेला, हे कमी होत गेले.) मग उरलेली ताकद गेली कुठे? कुठेच नाही. ती अल्कोहोलात तशीच पडून राहिली, कुणी घ्यायला आलं नाही म्हणून. म्हातारा चुलीत बुच फेकायचा तेव्हा प्राणवायू येऊन ती घेऊन जायचा, भपकन.

शनिवारी संध्याकाळी मी बाबांच्या खाटेजवळ खुर्ची ओढली आणि म्हटलं, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं." त्यांच्या लक्षात नव्हतं. मला जरा राग आला, आठवडाभर माझी झोप उडाली आणि ह्यांच्या लक्षातही नाही. मग मी सांगितलं. शक्ती पेजेची. वायू शक्ती देत नाही, तो येतो ते न्यायला. रांग, धक्का, फेरी. एका खेपेला चार जण. इथे त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"अर्धी भरलेली सोडायची नाही?"

"नाही. सोडली तर घोटाळा करते."

"बरोबर आहे." मग बराच वेळ यंत्राचं फुस्स. "पण फेरी रिकामी यायला हवी."

"म्हणजे?"

"अगो, पलीकडून भरून आलेली काय उपयोगाची. आम्ही सकाळच्या गर्दीला रायबंदरहून रिकामीच परत आणायचो. लोक शिव्या द्यायचे, सरकारचं डिझेल जाळता, रिकामी कशाला पळवता. अरे बाबा, रिकामी नाही आणली तर तुला नेऊ कशात?"

एका दमात एवढं बोलल्यावर त्यांना धाप लागली. मी पाठीवर हात ठेवून थांबले. नळी कानामागून घसरली होती, ती सारखी केली. कानामागे तिचा वळ पडला आहे, दोन वर्षांचा. बावीस वर्षांत फळ्यावर बाण काढताना प्राणवायूचं कौतुक हे त्याच्या रिकाम्या जागांचं कौतुक आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही, आणि एकतीस वर्षं फेरी हाकलेल्या माणसाला ते सांगावं लागलं नाही. मी त्यांना म्हटलं, रक्तातल्या लाल पेशी हा वायू घरोघर पोचवतात, पण त्यांच्या स्वतःच्या पोटात मायटोकॉन्ड्रिया नसतात, वाहून नेतात त्यातला कणही त्या स्वतःसाठी वापरत नाहीत. म्हणाले, "खलाशीच ते. आम्ही कुठे पलीकडे उतरायचो."

"मग पलीकडे जाऊन त्याचं होतं काय?" हा पुढचा प्रश्न आला तेव्हा मी तयार होते. हीच ती गोष्ट, जी मुलंच काय, बरेच मोठेही उलटी सांगतात. आपण आत घेतलेला प्राणवायू कर्बवायू होऊन बाहेर येतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. कर्बवायूतला ऑक्सिजन येतो अन्नातून आणि पाण्यातून. श्वासातून घेतलेल्याचं, चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेतल्यावर, होतं पाणी. साधं पाणी. प्रत्येक पेशीत, थेंबाचाही थेंब नाही एवढं.

बाबांनी नळीकडे पाहिलं. नळीच्या आत बारीक दव साठलं होतं. "हे?"

"नाही, ते बाटलीतलं." यंत्राला ओलाव्यासाठी पाण्याची बाटली असते, त्यातून बुडबुडत वायू येतो. त्यांचा चेहरा किंचित पडला. "तुमचं आत होतं. दिसत नाही."

"किती?"

"सगळा हिशेब केला तर दिवसाला अडीचशे-तीनशे मिली. एक मोठा पेला धरा."

त्यांनी उशाखालची वही काढली, दोऱ्यानं पेन्सिल ओढली, आणि आजच्या पानावर थांबले. चहा अर्धा, पेज पाऊण, गोळ्या पाव. "एक पेला," ते म्हणाले, "हा डॉक्टरच्या दीड लिटरमध्ये धरायचा की वेगळा?"

मी उघडलेलं तोंड मिटलं. आई वसरीवरून समई लावून आत येत होती, तिच्याबरोबर तेलाचा वास आला. बाबांनी माझी वाट पाहिली, मग बेरजेच्या रेघेखाली, बेरजेच्या बाहेर, पेन्सिलीनं लिहिलं: आतलं, १ पेला. आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढून वही मिटली.